वळच्या अंगाचा उजेड

ब्राह्मण आळी, भिवंडी
३० नोव्हेंबर २०२४

प्रिय लडकूस,
सप्रेम नमस्कार.

"काकीऽ, वालाच्या शेंगा घेता का वंऽऽ?"

आज पहाटे या हाकेनं जाग आली. शेवटचा 'वं' असा लांबवलेला, की आळीच्या या टोकाला सुरू व्हावा आणि त्या टोकाच्या विहिरीत उतरावा. उठून खिडकीशी गेलो. एक पॉवरलूमवाला ड्युटी संपवून डबा हलवत चालला होता, बाकी कोणी नाही. मग लक्षात आलं, ही हाक जवळजवळ साठ वर्षांपूर्वीची. तुझ्या तुळजाची. तुमचं लग्न झालं त्याच थंडीत ती पहिल्यांदा टोपली घेऊन आमच्या ओट्याशी उभी राहिली. मी आत कविता पाठ करत होतो, ती त्या हाकेसरशी विसरलो. आई आतून ओरडायची, "आले गं, थांब जरा, सूप घेऊन येते!" पुढे कितीतरी वर्षं रोज तेच. मला वाटायचं, ही एकाच कवितेची दोन कडवी आहेत. एक रस्त्यातलं, एक घरातलं.

असो. म्हातारपणी सकाळ फार लवकर होते, आणि तिला काही काम नसतं.

पत्राला कारण वेगळंच आहे. आमच्या माडीवर सई राहते. भाडेकरूंची मुलगी, पण सरला गेली, मी एकटा उरलो, तेव्हापासून माझ्या चहाची काळजी तीच करते. मानकोलीच्या एका गोडाऊनमध्ये पॅकिंगची सुपरवायझर आहे. गेल्या गुरुवारी रात्री साडेनऊच्या सुमारास ती स्कूटीवरून तुमच्या वळ गावच्या रस्त्यानं परत येत होती. वळणावर एकदम समोर पांढराफटक उजेड. "तात्याआजोबा, ट्रकच अंगावर आला असं वाटलं. कट मारला," म्हणते. स्कूटी घसरली, डावा हात मनगटाशी मोडला. मागून आलेल्या टेम्पोवाल्यानं तिला उठवून बसवलं, तोवर समोर ना ट्रक, ना उजेड.

मी चौकशी केली. सागर रिक्षावाला (आमच्या शाळेचा, अठ्ठ्याण्णवची बॅच, निबंध बरा लिहायचा) हसला. "सर, तो उजेड सगळ्यांना माहीत हाय. यूपीवाले ड्रायव्हर बोलतात, उधर से निकलो तो हॉर्न मत मारो."

लडकू, तो उजेड तुझ्या गावाच्या अंगाला दिसतो. तुला काय ठाऊक आहे ते कळव. तुझ्या कानांमुळे फोनचा उपयोग नाही. मला त्याचं फार वाईट वाटत नाही; पत्र लिहायला निमित्त मिळतं.

तुळजाला नमस्कार.

तुझा
तात्या


वळ
८ डिसेंबर

मास्तर,
रामराम.

तुजा कागद आठ दिवसांनी पोचला. भिवंडी ते वळ आठ किलोमीटर. म्हनजे दिवसाला एक. आमची बैलगाडी यापेक्षा लवकर यायची, आनी वाटेत बैल मुतायला पन थांबायचे.

उजेडाचं विचारलंस. इकडं उजेडाला काय तोटा? घराच्या तीन अंगांना गोडाऊन हायत. रातभर फोकस जळतात. कोंबडे येडे झालेत, रात्री एक वाजता आरवतात असं लोक सांगतात. मला काय ऐकू येत न्हाय, माजी झोप मोडत न्हाय. ड्रायव्हर लोक दोन दोन दिवस झोपत न्हाईत, त्यांना रस्त्यात मेलेली आजी पन दिसते. तू त्यांच्या नादी लागू नको.

पोरीचा हात मोडला ते वाईट झालं. तिला नाचनीची भाकर आनी सुकट खायला घाल. तुज्या घरात सुकट कोन शिजवनार, तर नुसती नाचनी घाल.

तू इकडं येऊ नको. रस्ता खोदलाय आनी तुजी ढोपरं तशी. तुळजा बरी हाय. तुजा नमस्कार सांगितला. हसली.

तुज्या घराचा ओटा अजून हाय का? का पाडला? उगाच विचारलं.

लडकू


ब्राह्मण आळी
१५ डिसेंबर

प्रिय लडकू,

ओटा आहे. एका बाजूची फरशी निघाली आहे, पण आहे. दारही तेच, निळं. शेजारच्या तीन घरांच्या इमारती झाल्या, त्यामुळे आमचं घर वर्गातल्या बुटक्या मुलासारखं दोघांच्या मधून मान वर काढून बघतं. तू विचारलंस ते बरं वाटलं. ये की एकदा. आपण ओट्यावर बसू.

पण मला 'येऊ नको' असं तू उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच लिहिलंस. दोनदा वाचलं. सातवीत फळ्यासमोर कविता म्हणताना तू अडलास की मी मागच्या बाकावरून पुढची ओळ सुचवायचो, आणि तू गुरुजींकडे न बघता माझ्याकडे बघायचास. तो लडकू मला 'रस्ता खोदलाय' म्हणून सांगतो? रस्ता तर मी परवाच पाहिला. धड आहे.

हो, मी येऊन गेलो. तुझ्या घरापर्यंत नाही; तुझं पत्र खिशात होतं, मग कसा येणार? वळणापाशी सागरच्या रिक्षात बसून होतो. सलग तीन रात्री. पहिल्या दोन रात्री नुसतं धुकं, मच्छर आणि सागरचे मोबाइलवरचे विनोद. तिसऱ्या रात्री, आठ वाजून चाळीस मिनिटांनी, तो आला.

कसं सांगू? आधी धुकं आतून पांढरं झालं. मग त्यातून एक झोत निघाला आणि रस्त्याच्या डोक्यावरून खाडीकडे गेला. कुणीतरी कुणाला तरी शोधतंय असा. अंगावर काटा आला, पण भीतीचा नव्हे. लहानपणी उत्तम कविता पहिल्यांदा ऐकताना यायचा तसला. सागर म्हणाला, "सर, चला, पोलिसांना फोन करू." मी म्हटलं, "थांब रे, बघू दे." पंचवीस मिनिटांनी गेला. दिवा विझवावा तसा, एकदम.

शाळेचा एक जुना कोरा हजेरीपट घरात होता, त्यात मी उजेडाची हजेरी मांडली आहे. येणारेजाणारे सांगतात, त्याप्रमाणे हजर, गैरहजर. नियम काही सापडत नाही. अमावस्या नाही, शनिवार नाही. कधी दहा मिनिटं, कधी दोन तास. फार बेशिस्त मुलगा आहे.

पण सईचं मनगट बघतो तेव्हा कविता बाजूला राहते. वाहतूक शाखेला रीतसर अर्ज करावा म्हणतो. गावातलं कुणी काही बोलत असेल तर मला सांग.

तात्या


वळ
२२ डिसेंबर

मास्तर,

हा कागद आनी शेंगांची पिशवी सागरच्या हाती देतो. शेंगा परसातल्या हायत. तुळजानं तोडल्या, निवडल्या मी. वालाला आता जागा उरली न्हाय, गोडाऊनच्या भिंतीला चिकटून लावतो. भिंत तापते, शेंग लवकर धरते. तेवढा एक फायदा.

अर्जाची घाई करू नको. संक्रांतीपर्यंत थांब. दोस्त म्हनून सांगतो.

हजेरी घेतोस तर घे. पन तू मास्तर असताना गैरहजर पोराच्या घरी जायचास, आधी घरचं विचारायचास, मग पट्टी उचलायचास. असं लोक सांगतात. आता मीच तुला येऊ नको बोललो, त्याला तू काय करनार. ते जाऊ दे.

पोरीचं प्लास्टर कवा काढनार? उजवा हात तर धड हाय ना? तिची नोकरी ऱ्हाईल का? खरं लिही.

तुळजा हल्ली सकाळी उठून डोक्यावर चुंबळ ठेवते. टोपली न्हाय, शेंगा न्हाय, नुसतं फडक्याचं चुंबळ. आनी दारात उभी ऱ्हाते. सवय, दुसरं काय.

लडकू


ब्राह्मण आळी
२ जानेवारी २०२५

प्रिय लडकू,

शेंगा मिळाल्या. सईनं एका हातानं सोलल्या, मी दोन हातांनी, जिंकली तीच. प्लास्टर मकरसंक्रांतीच्या सुमारास निघेल. नोकरी आहे, पण रात्रीच्या शिफ्टला जायला घाबरते. स्कूटीची किल्ली माझ्या देव्हाऱ्यात आणून ठेवली आहे. म्हणते, "तुमचा देव सांभाळू दे."

चुंबळाचं वाचून मन भरून आलं. सवयीला माणसाचा किती लळा असतो! टोपली गेली, बाजार गेला, आणि डोकं अजून ओझ्याची वाट बघतं. मी तरुण असतो तर यावर कविता केली असती. तुळजाला सांग, मास्तरांनी वहीत लिहून ठेवलंय.

आता तुला आवडणार नाही ते. संक्रांतीपर्यंत थांबता येत नाही. परवा आमच्या आळीतले डॉक्टर बायकोमुलांना घेऊन ठाण्याहून येत होते. उजेड आला, त्यांनी ब्रेक मारला, मागचा कंटेनर हातभर अंतरावर थांबला. गाडीत दोन लहान मुली होत्या. लडकू, हातभर.

अर्ज लिहून झाला. चार वेळा लिहिला. एक वाक्य साधलंय, तुला ऐकवतो: "हा उजेड वाट दाखवत नाही, वाट चुकवतो, म्हणून तो कोणाचाही असो, विझायला हवा." वाचून सागर म्हणाला, "सर, एकदम कडक." सोबत हजेरीपटाची नक्कल आणि वळणाचा नकाशा जोडलाय. झोत साधारण कुठून येतो ते बाणानं दाखवलंय. तुमच्या गावाच्या पश्चिमेकडून.

पुढच्या शुक्रवारी, दहा तारखेला, स्वतः नेऊन देणार. तुला काही सांगायचं असेल तर त्याआधी लिही.

तात्या


वळ
७ जानेवारी

मास्तर,

तुजा कागद काल आला. हा मी सागरच्या हाती देत न्हाय, तो वाचील. पोष्टात टाकतो. दोन तिकिटं लावलीत, लवकर पोचावा म्हनून. दहाच्या आत तुला मिळंल.

तो उजेड माजा हाय.

तुळजाचं डोकं गेलंय. दोन वर्सं झाली. आधी चुलीवरचं विसरायची, मग नावं, आता घर. संध्याकाळ झाली की तिला कुठंतरी जायचं असतं. कवा शेतावर, कवा खाडीवर, कवा तिच्या आईकडं. आई मेली त्याला चाळीस वर्सं झाली.

आधी गावात खुना होत्या. चिंच होती, दौलतचं खळं होतं, विहीर होती. मानूस डोळे मिटून घरी यायचा. आता सगळीकडं एका रंगाचे पत्रे. धड डोक्याचा चुकतो, ती का न्हाय चुकनार? घर समोर असून पुढं जाते. गेल्या वर्सी मानकोलीच्या पुलाखाली सापडली, दोन ट्रकच्या मधी. लोक सांगतात ती हाका मारत होती, 'अवो, अवो' करून. मी पन्नास पावलांवर होतो. मला ऐकू न्हाय आलं, मास्तर. तिची हाक मला ऐकू न्हाय आली.

तवाच ठरवलं. हाक न्हाय तर उजेड.

माजा पुतन्या हिरामन मांडवाचं काम करतो. त्याच्याकडनं हळदीचा मोठा फोकस आनला, पान्याच्या टाकीला बांधला. ती रस्त्याला लागली की मी लावतो. आमच्या गावात एवढा उजेड हळदीलाच. ती लांबून बघते आनी तिला वाटतं, घरी हळद लागलीय, आपन पोचायला पायजे. मग परत येते. येऊन विचारते, ओठांवरनं मला समजतं, "कोनाची हळद?" मी तिच्या कानात बोलतो, "तुजीच." लाजते. तुला आठवतं, आमच्या हळदीला दोन गॅसबत्त्या होत्या, आनी एक तू धरली होतीस. तुजा हात भाजला होता.

ती आली की फोकस बंद. म्हनून तुज्या हजेरीत नियम बसत न्हाय.

गावाला सगळं ठाऊक हाय, कोन बोलत न्हाय. माजा मनोज ऐरोलीला ऱ्हातो, तो बोलतो बाहेरून कडी लावा. कडी गोठ्याला लावतात. मी जिता हाय तोवर तिच्या दाराला लावनार न्हाय, असं बोललो. फोकस गेला तर माज्याकडं दुसरं काय हाय?

पोरीचा हात माज्या उजेडानं मोडला. ते तुज्या पहिल्या कागदातच समजलं. फोकस तवाच जरा खाली वळवला, तरी धुक्यात पसरतो. तिच्या पाया पडायला यायला पायजे होतं. आलो न्हाय. तुला येऊ नको बोललो, कारन ती तुला ओळखनार न्हाय, आनी तवा तुजं तोंड कसं होईल ते मला बघवनार न्हाय.

अर्ज देऊ नको. चार दिवस दे. काहीतरी दुसरं करतो.

लडकू


ब्राह्मण आळी
१६ जानेवारी

लडकू,

तुझं दोन तिकिटांचं पत्र काल, पंधरा तारखेला, पोचलं.

अर्ज मी दहालाच दिला होता.

पुढचं तू जाणतोस, कारण ते तुझ्याच छपरावर घडलं. मला सागरनं संक्रांतीच्या दिवशी संध्याकाळी सांगितलं, "सर, तुमचा अर्ज पास झाला! वळला एक म्हातारा सापडला, टाकीवरून फोकस उतरवला." मी त्याला तिळगूळ दिला. नाव विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पोस्टमन आला.

तुझं पत्र घेऊन मी तसाच कचेरीत गेलो. तिथले साहेब वयानं तरुण, बोलायला सौम्य. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "सर, आजींचं वाईट वाटतं. पण रस्त्यावर असा फोकस आम्ही ठेवू देऊ शकत नाही. तुम्हीच लिहिलंय की." आणि त्यांनी माझ्याच अर्जातलं ते वाक्य मला वाचून दाखवलं. कोणाचाही असो, विझायला हवा. लडकू, चाळीस वर्षं मुलांना सांगत आलो, वाक्य असं लिहा की कुणाला पुसता येऊ नये. तसं एकच लिहिलं आयुष्यात.

त्यांचं चुकलं नाही. सईचा हात मोडला हेही खरं, त्या दोन मुली हातभर अंतरानं वाचल्या हेही खरं. अर्ज खोटा नव्हता. मी फक्त तुझ्या घरी आलो नाही. तू 'येऊ नको' म्हणालास आणि मी रुसलो. तू सगळं लिहिलं होतंस. ओट्याचं, चुंबळाचं, हजेरीचं. मी त्याच्यावर कविता करत बसलो.

सईला सांगितलं. वाटलं, चिडेल. ती प्लास्टर काढलेलं मनगट चोळू लागली. मग म्हणाली, "आधी कुणी सांगितलं असतं तर मी तिथं स्कूटी हळू घेतली असती. एवढंच तर होतं."

छोटे दिवे लावता येतील. रस्त्याकडे न जाणारे, घराच्या भिंतीवर पडणारे, हळदीच्या माळांसारखे. हिरामणशी बोल. रविवारी मी येतो. तू नको म्हणालास तरी येतो.

तुळजा कशी आहे? हे पत्र सागर देईल. उत्तर त्याच्याच हाती दे. पोस्टाची आता भीती वाटते.

तात्या


वळ
१८ जानेवारी

मास्तर,

तुज्यावर राग हाय. न्हाय बोललो तर खोटं होईल. पन तुज्यापेक्षा माज्यावर जास्त. सागरच्या हाती कागद दिला असता तर त्याच दिवशी पोचला असता. मला लाज वाटली, त्यानं वाचू नये म्हनून. लाजेपायी दोन तिकिटं लावली.

मनोज आलाय. त्यानं बाहेरून कडी बसवली. त्याला बी बोल लावता येत न्हाय, आई ट्रकखाली गेली तर तो काय करनार? आता सांज झाली की कडी लागते. मी आत तिच्यासंगट बसतो. ती दार ठोकते. मला ऐकू येत न्हाय. पन दाराला हात लावला की हातात कळतं. रातभर दार हलतं, मास्तर. हात काढून घ्यावा असं वाटतं, पन काढवत न्हाय.

काल पहाटे थांबली, आनी मला बोलली, तोंड अगदी जवळ आनून, "काकी वाट बघत असतील. शेंगा सुकल्या." कोन काकी ते मला आधी समजलंच न्हाय.

तू म्हनतोस त्या माळांचं हिरामन बघतो. सोमवारनंतर त्याला सवड.

रविवारी ये. तुज्याकडं बघून हसली न्हाय तर मनाला लावून घेऊ नको.

आज रात्री मी बाहेरच ऱ्हानार, आनी कडी काढनार हाय. मनोज झोपला की.

लडकू


ब्राह्मण आळी
१९ जानेवारी, रविवार, पहाटे

लडकू,

तू हे कधी वाचशील कोण जाणे. तू आता कुठेतरी रस्त्यावर असशील. पण मला काहीतरी हातात हवं, म्हणून पेन धरलंय.

तुझं पत्र सागरनं काल रात्री आठला दिलं. शेवटची ओळ वाचून मी त्याला म्हटलं, "चल, आत्ताच." तो म्हणाला, "सर, सकाळी जायचंच हाय ना? तुमचे गुडघे..." मी ऐकलं. पुन्हा ऐकलं. साडेअकराला वळहून त्याचा फोन आला, तुळजा निघून गेली. सारं गाव मोबाइलचे टॉर्च घेऊन फिरतंय. हिरामण कशेळीच्या पुलाकडे गेलाय, मनोज मानकोलीकडे. तू अनवाणीच धावलास म्हणे. सागर म्हणाला, "सर, सगळ्या गोडाऊनचे फोकस लागलेत, दिवसासारखं झालंय. पण आजी कोणत्या उजेडाकडं जाणार?" इतके दिवे, आणि तुझा तेवढा नाही.

मला त्यानं बरोबर घेतलं नाही. "तुम्ही घरी थांबा, तुम्हाला शोधायला आणखी दोन माणसं लागतील," म्हणाला. बरोबर आहे. तेव्हापासून बसलो आहे. सई खाली आली, चहा केला आणि समोर बसली. दोनच्या सुमारास म्हणाली, "आजोबा, ओट्यावरचा दिवा लावू?" मी म्हटलं, इथं कशाला? तिनं लावला. साधा पिवळा बल्ब. आळीतल्या आळीत पुरेल एवढा.

आळीनं आज पहिल्यांदाच इतकं गप्प राहावं असं वाटतं. लूम चालू आहेत, लांबून खडखड येते. मी प्रत्येक आवाज निवडून बघतोय. कुत्रं. पाण्याची मोटर. पहाटेची बांग. सगळे ओळखीचे, एकही हवा तो नाही.

लडकू, तुला एक सांगायचं राहिलं होतं. साठ वर्षं राहिलं. तुमच्या हळदीला मी गॅसबत्ती धरली होती, ती मुद्दाम मागून घेतली होती. तिचा चेहरा नीट दिसावा म्हणून. एवढंच. त्याच्या पुढे कधी काही मनात आलं नाही, आणि आलं असेल तर मी ते कवितांमध्ये बुडवून टाकलं. तिची ती हाक ऐकू येईपर्यंत माझी सकाळ सुरू होत नसे. सरलाला ठाऊक होतं. ती चिडवायची, "तुमच्या शेंगा आल्या." तुलाही ठाऊक असेल. तू कधी बोलला नाहीस, हे तुझं थोरपण.

आता साडेपाच होतील. सई बसल्या बसल्या पेंगते आहे. तू सापडलास का? ती सापडली का? सागरचा फोन लागत नाही.

थांब.

लडकू, आत्ता आवाज आला. "काकीऽ..." मी पेन खाली ठेवलं नाही. म्हटलं, तीच ती पहाटेची हाक, माझ्या कानातली, रोजचीच. पण सईनं मान वर केली. दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिनंही ऐकलं.

"...वालाच्या शेंगा घेता का वंऽऽ?"

आवाज थकलाय. 'वं' विहिरीपर्यंत पोचत नाही, ओट्यावरच बसतो. खिडकीतून बल्बच्या उजेडात दोन पाय दिसतात, धुळीनं भरलेले. डोक्यावर चुंबळ आहे. टोपली नाही. आठ किलोमीटर ती काहीही न घेता, डोक्यावरचं ओझं सांभाळत चालत आली आहे.

सई धावत निघाली होती, मी तिला हातानं थांबवलं. तिला म्हटलं, सागरला फोन लावत राहा. लागत नसेल तर नाक्यावरची कुठलीही रिक्षा घे आणि हा कागद लडकूच्या हातात दे. त्याला ऐकू येत नाही, त्याला वाचू दे. मग मी आतूनच ओरडलो. आईसारखं. आवाज फुटला, पण तिला कळला असावा:

"आले गं, थांब जरा, सूप घेऊन येते!"

बाहेर ती ओट्यावर टेकली. "सावकाश या, काकी. मना घाई न्हाय," म्हणते आहे.

सूप कुठं आहे देव जाणे. आधी दार उघडतो.